फास्ट टोमोग्राफी करताय? मग या चुका टाळा

टोमोग्राफी म्हणजे नमुना फिरवत वेगवेगळ्या कोनांतून हजारो एक्स-रे फोटो काढायचे आणि त्यावरून आतला थ्रीडी आकार उभा करायचा. कॅमेऱ्याच्या ब्रोशरवर १०० एफपीएस (सेकंदाला १०० फ्रेम) दिसलं की लगेच खुश होऊ नका, आधी कॅल्क्युलेटर काढा. २५६० बाय २१६० पिक्सेलचा एससीमॉस (सायंटिफिक सीमॉस सेन्सरचा) कॅमेरा, १६ बिट, म्हणजे एक फ्रेम ११ एमबीची आणि सेकंदाला १.१ जीबी. साटा एसएसडी ५००-५५० एमबीलाच धापा टाकते. तिच्याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडी लावली तरी स्वस्तातली असेल तर आधी तुफान पळते आणि कॅशे भरली की मटकन बसते, म्हणून रायटिंगची टेस्ट दहा सेकंदांची नको, पूर्ण स्कॅनएवढी करा.

खरा घोळ पुढे आहे. बफर (फ्रेम डिस्कवर जाईपर्यंत थांबतात ती मेमरी) भरला की बरेचदा काही एरर वगैरे येत नाही, फ्रेम गुपचूप गळतात. माझ्या एका स्कॅनला ४००० प्रोजेक्शन (एकेका कोनातले फोटो) हवी होती, आली ३९८७, आणि मी शहाण्याने १८० अंशांचे सरळ ३९८७ सारखे भाग पाडून रिकन्स्ट्रक्शन (फोटोंवरून थ्रीडी आकार काढणं) लावलं! सगळ्या कडा दुहेरी. दोन दिवस सॉफ्टवेअरमध्ये सेंटर ऑफ रोटेशनच (नमुना ज्याभोवती फिरतो तो मध्य) हलवत बसलो. आता हिशोब बघा, ४००० मध्ये एक स्टेप ०.०४५ अंशाची, इमेजच्या कडेला ती साधारण एक पिक्सेल होते, मग १३ फ्रेम एकाच जागी गळल्या तर तिथे १३ पिक्सेलची उडी, सेंटर कितीही हलवा काय फरक पडणार? त्यामुळे कॅमेऱ्याला ट्रिगर नमुना फिरवणाऱ्या स्टेजच्या एन्कोडरवरूनच (अँगल मोजणारा सेन्सर) द्या, प्रत्येक फ्रेमचा नंबर आणि अँगल सोबत सेव्ह करा, फ्रेम गेली तर तिचा अँगलही काढून टाका.

दुसरी चूक अगदी बावळट पण सगळे करतात, प्रोजेक्शन आणि फ्लॅटमधून (नमुना नसतानाचा फोटो) डार्क (बीम बंद असतानाचा फोटो) वजा करताना डेटा यूइंट१६ च (उणे आकडे न मावणारा १६ बिट प्रकार) ठेवतात, मग उणे एक यायच्या जागी ६५५३५ येतं आणि पांढरे ठिपके बघून लोक डिटेक्टरला शिव्या घालतात. आधी फ्लोट३२ (उणे आणि दशांश आकडे मावणारा प्रकार) करा ना. फ्लॅट स्कॅनच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या, बीम सरकतो.

रिकन्स्ट्रक्शनमध्ये रिंग (गोल वर्तुळं) आल्या की लगेच फिल्टर मारू नका, सिंटिलेटरवर (एक्स-रेचा साधा उजेड करणारा पडदा) धूळ आहे का बघा आधी.

आणि हजारो टिफ एका फोल्डरात कोंबू नका, एचडीएफ५ (सगळ्या फ्रेम एकाच फाइलमध्ये ठेवणारा फॉरमॅट) वापरा. स्वित्झर्लंडच्या टॉमकॅट बीमलाइनवरचा (सिंक्रोट्रॉनच्या एक्स-रेवर चालणारं स्टेशन) गिगाफ्रॉस्ट कॅमेरा सलग ७.७ जीबी प्रति सेकंद ओततो, तिथे असले लाड चालतच नाहीत. आपल्या वरच्या स्कॅनचंच बघा, रॉ ४४ जीबी, रिकन्स्ट्रक्शन ३२ बिटमध्ये ५७ जीबी, आणि दर बीमटाइमला (बीमलाइन वापरायला मिळालेल्या वेळेत) कुणीतरी एक पोरगा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन हजर असतोच.