लग्नपत्रिका ते मसाल्याचे लेबल: देवनागरी मजकूर छापून घेताना या चुका टाळा

लग्नपत्रिका, दुकानाचे माहितीपत्रक किंवा गृहउद्योगाचे लेबल छापून घेताना बहुतेक जण प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, मोबाइलवर पाहतात, बोटांनी मोठे करून वाचतात आणि 'छापायला घ्या' असे कळवून टाकतात. पडद्यावर चौपट मोठा झालेला मजकूर कागदावर वाचता येईल की नाही, हे अशाने कळणे शक्यच नाही. प्रूफ प्रत्यक्ष आकारात, शक्यतो छपाईच्याच कागदावर काढून घ्यावे आणि संध्याकाळच्या दिव्यात घरातील वयस्कर माणसाकडून वाचून घ्यावे.

पत्रिका हाती आल्यावर निमंत्रिताला मुख्यतः तारीख, वेळ आणि लग्नस्थळ हवे असते. पुष्कळदा मात्र कार्यालयाचा पत्ता निमंत्रकांच्या लांबलचक यादीखाली, सर्वांत बारीक टाइपात कोंबलेला आढळतो. वधूवरांच्या नावांना मोठी अक्षरे मिळावीत, हे योग्यच आहे. पण त्यानंतरचा मान या तीन गोष्टींचा असायला हवा. पत्रिका एखाद्या शेजाऱ्याच्या हाती देऊन 'कुठे आणि किती वाजता?' एवढेच विचारावे. त्याला शोधाशोध करावी लागली, तर दोष मांडणीत आहे आणि फॉन्ट बदलून तो जाणार नाही.

सर्वांत जास्त नुकसान होते ते आकार आणि ओळींमधील अंतर इंग्रजीच्या मापाने ठरवल्यामुळे. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय यांना जागा द्यावी लागते. त्यामुळे ९ पॉइंटांच्या (पॉइंट म्हणजे अक्षराचा आकार मोजण्याचे माप) टाइपात मूळ अक्षराच्या वाट्याला फारच कमी उंची उरते आणि तेवढ्याच पॉइंटांच्या इंग्रजीशेजारी मराठी मजकूर खुजा दिसतो. वरच्या ओळीत 'शुभमुहूर्त' आणि त्याच्याच खाली 'चिरंजीव' आले, की अंतर कमी असल्यास 'मुहू'चे उकार खालच्या वेलांटीत अडकतात आणि दोन्ही शब्द एकाच वेळी बिघडतात. माझ्या मते पत्रिकेतील किंवा माहितीपत्रकातील सलग मजकूर १२ पॉइंटांपेक्षा लहान नसावा आणि ओळींचे अंतर टाइपाच्या दीडपट धरावे. जागा पुरत नसेल, तर मजकूर कमी करावा.

अक्षरांमध्ये अंतर पाडून शब्द ऐसपैस करण्याचा मोहही टाळावा. त्याने शिरोरेखा तुटते आणि शब्द एकसंध दिसत नाही. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरला, की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. तिथे डावी कडाच सरळ ठेवावी.

'विवाह'मधील वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली असेल किंवा 'लक्ष्मी'तील जोडाक्षर फुटून हलन्त दिसत असेल, तर तो फॉन्टचाच दोष असतो असे नाही. अडोबी कंपनीच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला नसेल, तर युनिकोड (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांतला) मजकूर असा विस्कटतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातील मजकुराचे रूपांतर केले असेल, तर 'ऱ्य' असलेले शब्द एकेक करून तपासावेत, कारण 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तरी संगणक चूक दाखवत नाही. 'ल' आणि 'श' यांचे वळणही पाहून घ्यावे. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत या अक्षरांची मूळ रूपे हिंदी वळणाची असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्यावर त्यांपैकी काहींत मराठी रूपे मिळतात. पाकळीचा 'ल' हे आपल्या अक्षराचे हक्काचे रूप आहे, त्यामुळे ते छापखान्याकडे आग्रहाने मागावे.

गडद मरून कागदावर सोनेरी फॉइल लग्नघरात शोभून दिसते; मात्र बारीक रेषांचा फॉन्ट त्यावर चकाकतो आणि पत्रिका तिरपी धरल्याशिवाय अक्षर लागत नाही. फॉइल नावांपुरते ठेवावे आणि पत्ता फिक्या कागदावर गडद शाईने छापावा. चार रंगांच्या छपाईत रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे काढली आणि रंग केसभर सरकले, तरी अक्षरांच्या पोकळ्या बुजतात. म्हणून अशा जागी जाड, मोकळ्या पोटाचा टाइप घ्यावा.

मसाल्याच्या किंवा पापडाच्या लेबलावर कायद्याचेही बंधन असते. आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक माहितीच्या अक्षरांची उंची ठरवून दिलेल्या किमान मापापेक्षा कमी असू नये, आणि किंमत व निव्वळ वजन पार्श्वभूमीहून ठळकपणे वेगळ्या रंगात असावे. तथापि ते माप ही केवळ किमान मर्यादा आहे. दुकानातल्या उजेडात फळीवरचा पुडा हातात घेऊन वाचणाऱ्याला एवढे अक्षर पुरत नाही, म्हणून घटकपदार्थांसाठी निदान त्याच्या दीडपट उंची ठेवावी. उत्पादनाची तारीख नंतर शिक्क्याने उमटवायची असेल, तर तेवढा चौकोन पांढरा आणि लॅमिनेशनविना सोडायला छापखान्यास आधीच सांगावे, कारण चकचकीत पृष्ठभागावर साधी शाई धरत नाही. पहिल्या नमुन्यावर शिक्का मारून तो वाळू द्यावा, बोटाने चोळून पाहावा आणि मगच उरलेली लेबले छापायला घ्यावीत.