मानेतून उद्भवणारी डोकेदुखी आणि फिजिओथेरपी : या चुका टाळा

कवटी जिथे मानेवर टेकते त्या खळग्यापासून सुरू होणारी, कानामागून कानशिलाकडे सरकणारी आणि शेवटी डोळ्याच्या मागे जाऊन ठाण मांडणारी, बहुतेक वेळा एकाच बाजूची डोकेदुखी घेऊन रुग्ण फिजिओथेरपिस्टकडे येतात, तेव्हा त्यांचे बरेच उपाय करून झालेले असतात. चष्म्याचा नंबर तपासलेला असतो, सायनस समजून वाफ घेतलेली असते, पित्त समजून उपाशीपोटी गोळ्या घेतलेल्या असतात आणि बामच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात. एवढे होऊनही मानेची तपासणी मात्र कोणी केलेली नसते. याच्या नेमके उलट, मानेचे व्यायाम आणि शेक महिनोन्‌महिने चालू असूनही ज्यांचे डोके दुखायचे थांबत नाही, असेही अनेक जण येतात. दोन्ही प्रकारांत उपचार फसण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात आणि ती वेळीच ओळखली तर बरीचशी टाळता येतात.

दुखणे मानेत असताना डोके का दुखते, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या बहुतेक चुका ते न समजल्यामुळेच होतात. मानेत सात मणके असतात. मानेतून निघणाऱ्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या आणि चेहरा, कपाळ व डोळ्यांभोवतीच्या संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू यांचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. त्यामुळे वरच्या मणक्यांच्या सांध्यांतून किंवा तिथल्या स्नायूंतून निघालेली वेदना मेंदूला कपाळातून किंवा डोळ्यामागून आल्यासारखी वाटू शकते. या दुखण्याला स्वतंत्र प्रकार म्हणून ओळख मिळवून देणारे नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओत्तार शास्ताद यांनी १९८३ मध्ये त्याला ‘सर्व्हायकोजेनिक’, म्हणजे मानेतून उद्भवणारी, डोकेदुखी असे नाव दिले.

पहिली चूक : मान दुखते म्हणजे कारण मानेतच आहे असे धरून चालणे

ही चूक सर्वांत जास्त होते आणि तिच्यात सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. अर्धशिशीच्या, म्हणजेच मायग्रेनच्या अनेक रुग्णांची मान झटका येण्यापूर्वी किंवा झटक्याच्या वेळी आखडते. ही आखडलेली मान अर्धशिशीचाच एक भाग असू शकते. अशा रुग्णाच्या मानेवर कितीही उपचार केले तरी मूळ दुखणे तसेच राहते. मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणे, डोके ठणकत राहणे, जिना चढल्यावर किंवा वाकल्यावर ते वाढणे आणि अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटणे ही लक्षणे अर्धशिशीकडे बोट दाखवतात. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी, दोन्ही बाजूंची, मंद आणि कामात अडथळा आणला तरी अंथरुणाला न खिळवणारी डोकेदुखी सहसा ताणामुळे होणाऱ्या प्रकारातली असते. मानेतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीत मात्र मान वळवण्याशी किंवा बराच वेळ एकाच स्थितीत ठेवण्याशी दुखण्याचा थेट संबंध दिसतो, मानेची हालचाल कमी झालेली असते, आणि वरच्या मणक्यांजवळ विशिष्ट ठिकाणी दाबल्यास ‘हेच ते नेहमीचे दुखणे’ असे रुग्ण स्वतःहून सांगतो.

फिजिओथेरपिस्टकडे यासाठी एक साधी पण उपयुक्त चाचणी असते. रुग्णाला उताणे झोपवून त्याची मान पूर्ण पुढे वाकवली जाते आणि त्याच स्थितीत डोके दोन्ही बाजूंना वळवून पाहिले जाते. मान अशी वाकवलेली असताना खालचे मणके फारसे वळू शकत नाहीत, त्यामुळे वळण्याचे काम प्रामुख्याने पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधल्या सांध्यावर येते. मानेच्या एकूण वळण्यापैकी जवळपास निम्मे वळणे याच सांध्यात होते. निरोगी माणसाचे डोके या स्थितीत प्रत्येक बाजूला साधारण ४० ते ४५ अंश वळते. दुखऱ्या बाजूला ते ३२-३३ अंशांच्या आतच अडले, तर वरच्या मणक्यांचा संशय बळावतो. आपल्या मानेची अशी हाताने तपासणी झाली नसेल आणि केवळ चिठ्ठीवर ‘मानेला शेक, दहा दिवस’ एवढेच लिहिलेले असेल, तर तपासणी करण्याची विनंती जरूर करावी.

एक्स-रेवरून निदान करणे हाही याच चुकीचा भाग आहे. ‘मणके झिजले आहेत’ हे वाक्य ऐकून अनेक जण मनाने खचतात. चाळिशीनंतर मणक्यांमध्ये असे बदल ज्यांना कसलाही त्रास नाही अशांच्या एक्स-रेतही सर्रास आढळतात. झीज दिसली म्हणजे डोकेदुखीचे कारण सापडले असे होत नाही, आणि झीज आहे म्हणून व्यायामाचा उपयोग होणार नाही, असेही नाही.

धोक्याच्या खुणांकडे दुर्लक्ष करणे

काही डोकेदुखी घेऊन फिजिओथेरपिस्टकडे नव्हे, तर तातडीने डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयातच जायला हवे. काही क्षणांत शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी तीव्र डोकेदुखी. ताप आणि ताठरलेली मान. हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, गिळताना त्रास होणे किंवा तोल जाणे. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत गेलेले दुखणे. वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशिलावर दाबले असता दुखत असेल किंवा चावताना जबडा भरून येत असेल तर. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर लगेच सुरू झालेली नवी डोकेदुखी. आणि दिवसेंदिवस वाढतच जाणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर मानेला हात लावू देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे.

मान मोडून घेणे

दाढी-कटिंग झाल्यावर डोक्याला मालिश आणि शेवटी मानेला दोन्ही बाजूंना एकेक झटका, हा प्रकार आपल्याकडे इतका सवयीचा झाला आहे की त्यात काही धोका असेल असे कोणाला वाटतच नाही. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्यांपाशी त्यांचा मार्ग नागमोडी असतो. जोराच्या पिळाने या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. असे क्वचितच घडते, परंतु क्षणभराच्या मोकळेपणासाठी हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. शिवाय मानेत अचानक उठलेली नवी कळ आणि डोकेदुखी हीच कधीकधी अशा चिरेची पहिली खूण असते, आणि नेमके त्याच वेळी माणूस मान मोडून घ्यायला जातो. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टदेखील आधी तपासणी करतो, संमती घेतो आणि बहुतेक वेळा झटक्याऐवजी सांध्याला हळुवार, लयबद्ध हालचाल देतो. उपचार करणाऱ्याची पदवी आणि राज्याच्या परिषदेकडची नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये.

केवळ मशीनवर विसंबणे

शेक, विजेचे सौम्य प्रवाह, अल्ट्रासाउंड आणि मानेला ताण देणारे ट्रॅक्शन यांनी थोडा वेळ बरे वाटते आणि दुखणे तीव्र असताना त्यांचा आधार घेण्यात गैर काही नाही. परंतु दहा दिवस मशीन लावून घरी गेल्यावर डोकेदुखी परत आली, तर त्यात नवल नाही, कारण मानेच्या स्नायूंची क्षमता पूर्वी होती तेवढीच राहिलेली असते. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते आणि ते दिवसभर सावरण्याचे काम गळ्याच्या आत, मणक्यांना लगटून असलेले खोल स्नायू करत असतात. मानेतून उद्भवणाऱ्या डोकेदुखीच्या रुग्णांमध्ये हे स्नायू दुबळे आढळतात आणि त्यांचे काम वरवरचे मोठे स्नायू ओढून नेतात. म्हणूनच ते सतत ताठरलेले व दुखरे असतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीत अशा २०० रुग्णांवर सहा आठवडे उपचार करण्यात आले. सांध्यांवरील हातांचे उपचार आणि या खोल स्नायूंचे व्यायाम, दोन्हींनी डोकेदुखीची वारंवारिता आणि तीव्रता कमी झाली आणि हा फायदा वर्षानंतरही टिकून होता.

गळपट्ट्याविषयीही तेच म्हणावे लागेल. डॉक्टरांनी विशिष्ट कारणाने आणि विशिष्ट मुदतीसाठी सांगितला असेल तरच तो वापरावा. महिनोन्‌महिने तो बांधून ठेवल्यास मान अधिकच दुबळी होते.

व्यायाम चुकीच्या पद्धतीने आणि चुकीच्या वेळी करणे

‘व्यायाम करूनही फरक नाही’ असे सांगणाऱ्याला मी प्रथम तो व्यायाम समोर करून दाखवायला सांगतो. तेव्हा बहुतेक जण मान भरभर गोल फिरवतात किंवा हनुवटी सर्व ताकदीनिशी मागे रेटतात. खोल स्नायूंचा व्यायाम अतिशय हलक्या जोराने करायचा असतो. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत आणि कपाळ व हनुवटी एका पातळीत येतील एवढीच घडी केलेली टॉवेल डोक्याखाली घ्यावी. दातांवर दात टेकवू नयेत. मग होकार देताना आपण जशी मान हलवतो, तशी हनुवटी अगदी सावकाश गळ्याकडे आणावी. डोके अंथरुणावरून उचलायचे नाही, त्याची मागची बाजू अंथरुणावरच किंचित वर सरकली पाहिजे. ही स्थिती दहा सेकंद धरावी आणि असे दहा वेळा, दिवसातून दोनदा करावे. कानामागून छातीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या जाड स्नायूवर बोटे ठेवून पाहावे. तो टरारून वर येत असेल, श्वास रोखला जात असेल किंवा मान थरथरत असेल, तर जोर जास्त होत आहे असे समजून तो कमी करावा. सुरुवातीला दहा सेकंद जमत नसेल तर तीन-चार सेकंदांपासून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही.

यासोबत खांद्यांच्या मागच्या फऱ्यांना आधार देणाऱ्या स्नायूंचे व्यायाम लागतात. ते सोडून केवळ मानेवर काम केले तर सुधारणा अर्धवट राहते, कारण मानेतून फऱ्यांकडे उतरणारे स्नायू दिवसभर हातांचे ओझे मानेवर ओढत राहतात. अर्धशिशीचा झटका चालू असताना मात्र व्यायाम करू नये. त्या वेळी हालचालीने दुखणे वाढते. झटके टाळण्यासाठी मधल्या काळातला चालणे किंवा सायकल चालवणे असा नियमित व्यायाम उपयोगी पडतो. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून तीन वेळा ४० मिनिटांच्या व्यायामाने अर्धशिशीच्या झटक्यांत झालेली घट ही प्रतिबंधासाठी दिल्या जाणाऱ्या एका प्रचलित औषधाच्या तोडीची होती.

गोळ्यांचा हिशेब न ठेवणे

फिजिओथेरपीचा उपयोग होत नाही तेव्हा मी विचारतो, ‘महिन्यातून किती दिवस वेदनाशामक गोळी घेता?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर फार थोड्यांकडे असते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि अनेक औषधे एकत्र असलेल्या गोळ्या किंवा अर्धशिशीसाठीच्या ट्रिप्टान गटातील गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून ठेवू शकतात. हे चक्र चालू असताना मानेचे उपचार लागू पडत नाहीत. या गोळ्या कमी कशा करायच्या, हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. काही गोळ्या एकाएकी बंद करणे त्रासदायक ठरते. दुखण्याचा दिवस, वेळ, बाजू, आदल्या रात्रीची झोप आणि घेतलेली गोळी एवढ्या पाच गोष्टी साध्या वहीत महिनाभर लिहिल्या, तर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दोघांचेही काम निम्म्याने सोपे होते.

बसण्याची ‘आदर्श’ पद्धत शोधत राहणे

ताठ बसण्याचा आग्रह धरून दिवसभर अवघडून बसणे हाही मानेवर ताणच आहे. कोणतीही स्थिती तासन्‌तास टिकवली की त्रासदायक होते, म्हणून अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालणे हे महागड्या खुर्चीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. सहसा लक्षात न येणारे एक कारण मात्र आवर्जून तपासावे. चाळिशीनंतर जवळचे आणि लांबचे एकत्र नंबर असलेला चष्मा लागतो, आणि संगणकाचा पडदा खालच्या भागातून वाचण्यासाठी माणूस नकळत हनुवटी वर करून बसतो. त्यामुळे वरचे मणके दिवसभर मागे दाबलेले राहतात. पडदा थोडा खाली घेणे किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा करून घेणे एवढ्यानेही अशा रुग्णाला आराम पडू शकतो. कुशीवर झोपणाऱ्याची उशी खांदा आणि कान यांमधले अंतर भरून काढेल एवढी असावी. उताणे झोपणाऱ्याला त्याहून पातळ उशी लागते. पालथे झोपल्याने मान रात्रभर एका बाजूला पूर्ण वळलेली राहते, म्हणून ती सवय प्रयत्नपूर्वक सोडावी.

दुखणे थांबताच व्यायाम थांबवणे

तीन आठवड्यांत डोके दुखायचे थांबते आणि व्यायाम मागे पडतो. वेदना आधी कमी होते, स्नायूंची ताकद मात्र त्यानंतर कित्येक आठवड्यांनी येते. म्हणून किमान सहा आठवडे ठरलेला क्रम आणि पुढे आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी तो चालू ठेवावा. सहा आठवडे योग्य पद्धतीने व्यायाम करूनही वहीतल्या नोंदींत काहीच फरक दिसत नसेल, तर त्याच उपचारांची आणखी दहा सत्रे घेण्याऐवजी निदानच पुन्हा तपासून घ्यावे. आणि काही महिन्यांनी दुखणे परत आले, तर मधल्या काळात काय बदलले, हे प्रथम पाहावे : नवा चष्मा, नवी उशी, कामाची बदललेली जागा, रात्री दात आवळण्याची सवय, घरातल्या आजारपणामुळे झालेली जागरणे. त्यानंतर व्यायाम जिथे सोडले होते तिथून नव्हे, तर सर्वांत हलक्या पायरीपासून पुन्हा सुरू करावेत.