कार्यक्रमाआधी घरच्या डिस्क तपासताना

मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाला घरातल्या जुन्या लग्नामुंजींचे चित्रण दाखवायचे ठरले, की ज्याच्याकडे डिस्क शोधण्याचे काम येते त्याने ते आदल्या रात्रीवर ढकलू नये. निदान पंधरा दिवस हाताशी ठेवावेत. दोष सापडायला एक संध्याकाळ पुरते, पण खराब डिस्कची प्रत काढण्यात आठवडा सहज जातो.

आरंभी डिस्कची चकाकती बाजू खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहावी. ठसे किंवा धूळ असल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. गोल फिरवून पुसू नये, कारण नोंद सर्पिलाकार मार्गावर असते आणि त्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो. आडवा ओरखडा त्रुटी-दुरुस्तीच्या व्यवस्थेत पुष्कळदा भरून निघतो. सीडीच्या छापील बाजूलाही तितकेच जपावे, कारण तिचा परावर्तक थर लेबलाच्या लगेच खाली असतो, तर डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो. कागदी लेबल चिकटवलेल्या डिस्ककडे मी संशयानेच पाहतो. आमच्या घरच्या लग्नाची डिस्क सप्तपदीपाशी हमखास अडकायची. नीट पाहिले तेव्हा पुण्याच्या पावसाळी दमटपणाने लेबलाची एक कड नखभर उचलली होती आणि डिस्क फिरताना डगमगत होती. अशी कड ओढून काढण्याचा मोह टाळावा, सीडीवर तर कटाक्षाने, कारण लेबलासोबत थरही निघून येतो.

त्यानंतर डिस्क प्लेअरमध्ये आणि संगणकात, अशी दोन्हीकडे लावून पाहावी. निम्मे निदान येथेच होते. दोन्हीकडे एकाच जागी अडकली तर दोष डिस्कचा आहे. प्लेअरमध्ये दर वेळी निराळ्या जागी अडकत असेल, तर त्याच्या लेन्सवर धूळ बसली असण्याची शक्यता अधिक. संगणकात सुरळीत चालते पण प्लेअर ओळखतच नाही, अशी तक्रार असेल तर डिस्क उघडून आतले फोल्डर पाहावेत. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘आयएफओ’ व ‘व्हीओबी’ फाइली नसतील, तर ती व्हिडिओ डीव्हीडी नसून साधी डेटा डिस्क आहे आणि जुना प्लेअर ती वाचेलच असे नाही. घरच्या रेकॉर्डरवर नोंदलेली डिस्क फायनलाइझ करायची, म्हणजे नोंद पूर्ण करून इतर यंत्रांना वाचता येईल अशी करायची, राहिली असेल, तरीही इतर प्लेअर ती नाकारतात. ते काम शक्यतो त्याच रेकॉर्डरवर करावे. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क प्रकाश कमी परावर्तित करतात, म्हणून जुन्या यंत्रांना त्या जड जातात. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली डिस्क बहुधा एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या पद्धतीची असते, आपल्याकडची पद्धत पाल; चित्र काळेपांढरे दिसले किंवा वरखाली सरकू लागले, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये हा फरक आधी पाहावा.

जी डिस्क जेमतेम वाचली जाते ती वारंवार लावून पाहू नये. पहिल्याच यशस्वी वाचनात तिची संपूर्ण प्रत संगणकावर उतरवून घ्यावी. एका ड्राइव्हने हात टेकले, तरी दुसरा तीच डिस्क वाचू शकतो. संगणकाला ड्राइव्हच नसेल, तर बाहेरून जोडायचा ड्राइव्ह बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारावा.

नवी प्रत राइट करताना वेग मर्यादित, चार किंवा आठ पट, ठेवावा आणि लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालू ठेवावा. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेले असले तरी संगणक तीच जागा साधारण ४.३८ अशी दाखवतो. ती काठोकाठ भरू नये, कारण माहिती आतून बाहेर लिहिली जाते आणि चुका बाहेरच्या कडेला अधिक होतात. म्हणूनच तपासताना पहिली पाच मिनिटे पाहून समाधान मानू नये, शेवटचा भाग आवर्जून चालवावा. नाव कागदावर नव्हे, डिस्कवर चालणाऱ्या मार्करने लिहावे.

अखेरची चाचणी कार्यक्रमाच्या कार्यालयातल्या प्रत्यक्ष टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर घ्यावी. जुन्या प्लेअरच्या पिवळ्या, लाल व पांढऱ्या पिना घेणारी सोय नव्या टीव्हीवर बऱ्याचदा नसते, त्यामुळे एचडीएमआय असलेला प्लेअर किंवा योग्य कन्व्हर्टर सोबत न्यावा. हेच चित्रण पेन ड्राइव्हवरही एमपी४ रूपात घेऊन तो त्याच टीव्हीला लावून पाहावा, आणि डिस्कच्या पाकिटातच ठेवावा.