उंचीवरचा पहिला ट्रेक कसा आखावा: आधी रात्री मोजा, मग डोंगर निवडा

टांझानियातल्या किलिमांजारो डोंगरावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शिल्लक रजेच्या हिशेबाने कार्यक्रम निवडला. मारांगू वाट, पाच दिवस. सहा दिवसांच्या कार्यक्रमापेक्षा स्वस्त, आणि आपले पाय भक्कम आहेत ही खात्री. तिसऱ्या रात्री हान्स मेयर गुहेपाशी, पाच हजार मीटरच्या वर, मी एका दगडावर टेकलो तो उठेचना. पाय दुखत नव्हते. डोकं मात्र ठणकत होतं, आणि ‘नाव काय तुझं?’ या गाईडच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. त्याने पुढे काही विचारलं नाही. माझी सॅक स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि खालच्या दिशेला वळला.

खरं तर तो ट्रेक तीन महिने आधीच फसला होता, कार्यक्रमाचा कागद नीट न वाचता पैसे भरले त्या दिवशी. म्हणून हे मार्गदर्शन बुटांपासून सुरू न करता त्या कागदापासून करतो.

१. मुक्कामांची उंची एका खाली एक लिहा

उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही, ते तिथेही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. साधारण ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच ऑक्सिजन. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला लागतात रात्री. व्यायामाने फुप्फुसं कितीही कमावली तरी या रात्री वाचत नाहीत. उलट तगडी माणसं भराभर वर जातात आणि हमखास अडकतात.

जगभर मानला जाणारा नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची. दिवसा कितीही वर चढा, हिशेब झोपण्याच्या जागेचा.

आता माझा कागद बघा. पहिली रात्र मंडारा हट, २,७२० मीटर. दुसरी होरोंबो, ३,७२०. तिसरी किबो, ४,७२०, आणि त्याच मध्यरात्री ५,८९५ मीटरच्या शिखराकडे. प्रत्येक रात्री सरळ हजार मीटरची उडी! लिहून काढलं असतं तर शाळकरी पोरानेही बोट ठेवलं असतं. सहा दिवसांच्या कार्यक्रमात होरोंबोला एक जादा रात्र मिळते, एवढाच फरक, पण तो मोठा आहे.

याच डोंगरावरची माचामे वाट दुसऱ्या तऱ्हेने हिशेब जुळवते. तिथे एका दिवशी तुम्हाला ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवतात, जेवायला घालतात आणि संध्याकाळी चार हजाराच्या खाली बारांको कॅम्पवर आणून झोपवतात. चढलेलं सगळं पुन्हा उतरायचं, म्हणून नवखे वैतागतात. पण अख्ख्या वाटेतला सगळ्यात कामाचा दिवस तोच. लेमोशो वाटही पुढे लाव्हा टॉवरपाशी येते, फक्त तिचा कार्यक्रम सात-आठ दिवसांचा असतो.

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा चांगला कार्यक्रम ओळखायची खूणही हीच. नामचे (३,४४०) आणि दिंगबोचे (४,४१०) इथे प्रत्येकी दोन रात्री असायला हव्यात. या दोन्ही जादा दिवसांना ‘विश्रांती’ म्हणतात, पण लोळत पडायचं नसतं. जवळच्या टेकाडावर तीनचारशे मीटर चढून यायचं आणि खाली झोपायचं. यातली एक रात्र कापून कोणी स्वस्त कार्यक्रम देत असेल तर ती बचत तुमच्या डोक्यातून वसूल होणार.

२. विमान कुठे उतरतं ते पाहा

चालायला लागायच्या आधीच उंची सुरू होते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पेरूची राजधानी लिमा समुद्राकाठी आहे. तिथून तासा-सव्वा तासात विमान तुम्हाला ३,४०० मीटरवरच्या कुस्कोत सोडतं. ला पाझचा विमानतळ तर चार हजार मीटरच्या वर आहे. लेह किंवा ल्हासालाही तेच, विमानातून उतरलात की साडेतीन हजाराच्या आसपास.

अशा ठिकाणी पहिले दोन दिवस पाहुण्यासारखे काढा. कुस्कोच्या बाबतीत एक पळवाट आहे. विमानतळावरून थेट खाली सेक्रेड व्हॅलीत ओयांतायताम्बोला जा, ते कुस्कोपेक्षा पाचसहाशे मीटर खाली आहे. दोन रात्री तिथे झोपून मग ट्रेकला लागा. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप ते माचू पिच्चू जेमतेम २,४३० मीटरवर आहे. त्रास देते ती तिथे जाणाऱ्या ‘इन्का ट्रेल’ या पायवाटेवरची ४,२१५ मीटरची खिंड. तिचं नावच ‘मेलेल्या बाईची खिंड’.

३. मोसम, परवाना आणि दोन रिकामे दिवस

नेपाळला ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे. किलिमांजारोला जानेवारी-फेब्रुवारी, नाहीतर जून ते ऑक्टोबर. पेरूच्या अँडीजमध्ये मे ते सप्टेंबर. इन्का ट्रेल फेब्रुवारीत बंदच असतो. एरवीही दिवसाला ५०० जणांनाच सोडतात, आणि त्यात पोर्टर-गाईडही मोजलेले असतात. त्यामुळे मोसमातले परवाने कित्येक महिने आधी संपतात. किलिमांजारोवर गाईडशिवाय पाऊल टाकता येत नाही.

परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. एव्हरेस्टचा ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाची धावपट्टी छोटी आणि उतरती आहे, ढग आले की विमानं थांबतात. गर्दीच्या मोसमात बरीचशी उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापहून होतात, म्हणजे मध्यरात्री निघून चार-पाच तासांचा रस्ता. हे दोन दिवस हाताशी नसले की वाटेत प्रत्येक निर्णय घाईचा होतो. ‘डोकं दुखतंय, पण आज थांबलो तर विमान चुकेल’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या देशांत ऐकलंय.

४. पाय तयार करा, विशेषतः उतारासाठी

दहा-बारा आठवडे पुरतात. पाठीवर सात-आठ किलो घेऊन जिने चढा, आणि उतराही. लिफ्टने खाली येऊ नका, कारण मांड्यांची खरी परीक्षा उतारावर असते. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस पाच-सहा तास चालून बघा. पहिल्या दिवशी सगळेच चालतात, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे चढवताना काय वाटतं ते महत्त्वाचं. हे सगळं ट्रेकच्याच बुटांत, ट्रेकच्याच मोज्यांत करा.

५. डॉक्टर आणि विमा

अॅसिटाझोलामाईड, बोलीभाषेत डायमॉक्स, याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. या गोळीने मूत्रपिंडं बायकार्बोनेट हा रक्तातला अल्कधर्मी क्षार बाहेर टाकतात, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास आपोआप वाढतो. म्हणजे शरीर जे काम सावकाश करणार असतं त्याला ती ढकलते, लक्षणं झाकत नाही. प्रतिबंधासाठी मोठ्यांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची अॅलर्जी, इतर औषधं, गरोदरपण हे सगळं डॉक्टरांना सांगूनच घ्यायची. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं आणि सोड्याची चव बेचव लागते, घाबरू नका. घरी असताना एक-दोन दिवस घेऊन बघितलेली बरी.

विम्याच्या कागदात दोनच गोष्टी शोधा: किती मीटरपर्यंत संरक्षण आहे, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरला आहे का. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत उंचीची मर्यादा बारीक अक्षरात असते, आणि ती तुमच्या पहिल्या-दुसऱ्या मुक्कामालाच ओलांडली जाते.

६. सॅक

सामानाच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, मी भर घालत नाही. फक्त तीन गोष्टी. कपडे एकावर एक चढवता येतील असे पातळ थरांचे घ्या, सुती नकोत. गॉगल चांगला घ्या, कारण उंचीबरोबर अतिनील किरणं वाढत जातात आणि बर्फावरून दुप्पट अंगावर येतात. आणि पोर्टरकडे द्यायच्या बॅगेचं वजन ठरलेल्या मर्यादेत ठेवा. किलिमांजारोवर ती साधारण १५ किलो असते. ती बॅग दुसऱ्याच्या मानेवर जाणार आहे.

७. वाटेवर: हळू चाला, खरं बोला

स्वाहिलीत ‘पोले पोले’, नेपाळीत ‘बिस्तारै’. दोन्हींचा अर्थ एकच, सावकाश. वेग एवढाच ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. पाणी भरपूर प्या, पण ढोसू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. रात्री झोपेत श्वास थांबतो आणि मग दचकून भरभर चालू होतो. तंबूतल्या सोबत्याचा असा श्वास ऐकून पहिल्यांदा घाबरायला होतं, पण उंचीवर हे नेहमीचं आहे.

आता कामाचं. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटणं यातलं काही असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजा. अशा रात्री आणखी वर झोपायला जायचं नाही. तिथेच थांबा, आणि बरं वाटलं तरच पुढे. वाढत गेलं तर खाली. पाचशे-हजार मीटर उतरल्यावर माणूस कसा टवटवीत होतो ते पाहण्यासारखं असतं.

दोन खुणा मात्र थांबायची मुभा देत नाहीत. एक, मेंदूची सूज: माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो. रोज संध्याकाळी जेवणाआधी एक खेळ म्हणून करा. जमिनीवरच्या फळीच्या सांध्यावरून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायचं. दिंगबोचेच्या लॉजमध्ये आमच्यातला सर्वांत खोडकर गडी दुसऱ्याच पावलाला भिंतीला टेकला. सगळे हसले, तोही हसला. गाईड हसला नाही. त्याने पुन्हा चालायला लावलं, पुन्हा तेच. तासाभरात दोन हेडटॉर्च आणि एक ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन ते खाली फेरीचेच्या दिशेने निघाले होते. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा मदत दवाखाना आहे. मोसमात तिथले डॉक्टर दुपारी उंचीच्या आजारावर माहितीही देतात, वाट तिकडून असेल तर जरूर बसा.

दुसरी खूण, फुप्फुसांत पाणी: बसल्या जागी धाप, थांबत नसलेला खोकला, पुढे गुलाबी फेस. ही बहुधा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री गाठते. दोन्हींत उपाय एकच, ताबडतोब खाली, रात्र असली तरी, आणि सोबत कुणीतरी हवंच. गाईडकडे ऑक्सिजन आहे का, ते ट्रेक सुरू व्हायच्या आधी डोळ्यांनी बघून घ्या.

८. शिखराची रात्र

संध्याकाळीच गाईडबरोबर ठरवा की किती वाजता, काहीही झालं तरी, मागे फिरायचं. वर गेल्यावर ठरवायला डोकं जाग्यावर नसतं.

पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. नळीने प्यायची पाण्याची पिशवी असेल तर प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळीतलं पाणी मागे ढकला, नाहीतर पहिल्या तासातच ती कांडी होते. मोबाईल आणि हेडटॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. खायला असं काहीतरी ठेवा जे गोठल्यावर दात पाडणार नाही.

९. आणि उतार

दुसऱ्यांदा मी लेमोशो वाटेने आठ दिवस घेतले. पहाटे शिखरावरच्या पाटीपाशी पोचलो, तिथे जेमतेम दहा मिनिटं. मग कळलं की दिवस आत्ता कुठे सुरू झालाय. ५,८९५ मीटरवरून त्याच दिवशी ३,१०० मीटरवरच्या म्वेका कॅम्पला उतरायचं असतं. काठ्या लांब करा, बुटाच्या वरच्या नाड्या घोट्याशी घट्ट आवळा म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही, आणि घरून निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापलेली असू द्या. मी ती कापायला विसरलो होतो. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि नवी यायला सहा महिन्यांच्या वर लागले.