प्रदर्शनाआधी अर्ज: नागपुरात विद्यार्थ्यांच्या पेटंटसाठी काम करताना

नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या नवोपक्रम कक्षात मी रुजू झालो, त्या वर्षी अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी संत्र्यांची प्रतवारी करणारे छोटे यंत्र बनवले होते. प्रकल्प-प्रदर्शनात त्यांनी त्याची सगळी रचना आकृत्यांसह येईल त्याला समजावून सांगितली आणि पेटंटसाठी ते माझ्याकडे आले ते त्यानंतर. नावीन्य ही पेटंटची पहिली अट आहे, आणि अर्जाआधी सर्वांपुढे उघड केलेली रचना नवी मानली जात नाही. १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३१ ची बारा महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने, विद्वत्सभेपुढे वाचलेले निबंध अशा मोजक्या प्रसंगांनाच मिळते. महाविद्यालयाचे प्रदर्शन त्यात बसत नाही. मुलांचा त्यात दोष नव्हता, हे त्यांना आधी सांगणे आमचे काम होते.

तेव्हापासून कोणताही गट आला की मी प्रथम विचारतो, 'हे आतापर्यंत कोणाकोणाला दाखवले?' कोणाला दाखवले नसेल, तर प्रदर्शनाआधी प्रोव्हिजनल अर्ज, म्हणजे शोधाची तारीख राखून ठेवणारा प्राथमिक अर्ज, भरावा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन भरल्यास मूळ शुल्क १,६०० रुपये आहे आणि पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. मात्र त्याआधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरील मोफत शोध सुविधेत दोन-तीन दिवस मनापासून घालवावेत. निव्वळ ॲप असेल, तर कलम ३(k) ची अडचण, म्हणजे निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही, हे आधीच समजून घ्यावे. आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिचा लाभ नागपूरच्या विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावा.

शोधकर्ते म्हणून कोणाची नावे द्यायची, हा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. ज्याने कल्पनेत प्रत्यक्ष भर घातली त्याचेच नाव द्यावे. सरांचा मान राखण्यासाठी नाव घालणे किंवा मेहनती मित्राचे गाळणे, दोन्ही पुढे कंपनी स्थापताना महागात पडते. मालकी महाविद्यालयाची की विद्यार्थ्यांची, हेही त्याच वेळी लेखी ठरवावे, कारण गुंतवणूकदार हा कागद मागतोच.

पेटंटमुळे ग्राहक मिळत नाही, त्यासाठी बाजारात उभे राहावे लागते. पुढच्या एका गटाने संत्र्यांच्याच यंत्रासाठी सप्टेंबरमध्ये प्रोव्हिजनल अर्ज भरला, त्यामुळे त्यांना आंबिया आणि मृग हे संत्र्यांचे दोन्ही बहार (हंगाम) चाचणीसाठी मिळाले. कळमना बाजारातील आडत्यांना यंत्राच्या वेगाशी फारसे देणेघेणे नव्हते. फळाला मार लागतो का, एवढेच ते विचारत होते. आंबियाच्या फळाला मार लागत होता, म्हणून मुलांनी रोलरचे आवरण बदलले. ही सुधारणा पहिल्या अर्जात नसल्याने तिला त्याची तारीख मिळणार नव्हती. म्हणून मृगाची फळे येण्यापूर्वीच त्यांनी दुसरा प्रोव्हिजनल अर्ज भरला, नवे रोलर त्यानंतरच आडत्यांना दाखवले, आणि पहिल्या अर्जाला बारा महिने होण्याआधी दोन्ही मिळून एकच पूर्ण अर्ज दाखल केला.