महामार्गावरच्या जुन्या पुलाचा इतिहास कसा शोधावा

सुरुवात कोनशिलेपासून नको, पुलाखालून करा. कोनशिलेवरचं साल पायाभरणीचं, उद्घाटनाचं किंवा नंतरच्या रुंदीकरणाचंही असू शकतं.

एप्रिल-मेमध्ये, पाणी उतरल्यावर जा. गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, काठावरूनच मोजा, पात्रात उतरू नका. उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यात महाडला सावित्री नदीत मगरी आहेत. दोन्ही अंगांनी फोटो काढा. जुन्या दगडी कमानीला मागाहून काँक्रीट जोडलं असेल, तर रस्त्यावरून ते कळत नाही, खालून सांधा लगेच दिसतो. दगडांमधला मसाला नखाने भुगा होत असेल तर तो बहुधा चुन्याचा. खांबांचा पायाही नीट पाहा. पुराचं पाणी खांबाला अडून खाली वळतं आणि बुडाशी असलेली वाळू उपसून नेतं. त्यामुळे वरून ठणठणीत दिसणारा पूल खालून पोकळ झालेला असू शकतो. पाणी ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ बसतो, म्हणून उन्हाळ्यात पाया सपाट दिसला तरी निर्धास्त राहू नका.

सर्वांत जास्त घोळ होतो तो शेजारी-शेजारी असलेल्या पुलांचा. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. बाजूचा नवा पूल मात्र उभा राहिला. पडलेल्याच्या जागी १६५ दिवसांत बांधलेला पूल ५ जून २०१७ ला खुला झाला. म्हणजे एकाच ठिकाणच्या तीन पुलांची नोंद वेगवेगळी ठेवायला हवी. फोटोखाली नुसतं ‘सावित्री पूल’ लिहिणं पुरेसं नाही.

कागदपत्रांत जुनी नावं शोधा. आजचा राष्ट्रीय महामार्ग ६६ हा २०१० च्या फेरक्रमांकनाआधी १७ होता. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. १९२८ च्या कागदांत तर महामार्गाचा क्रमांकच नसणार, तिथे नदी आणि गावावरून शोधा. मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहात, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्याची दप्तरं मागा. पुलाआधी नदी कशी ओलांडत, यासाठी १८८३ चं कुलाबा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, चाळा.

कठड्यावर रंगवलेला ‘१२४/२’ असा आकडा म्हणजे १२४ क्रमांकाच्या किलोमीटरमधलं दुसरं बांधकाम (पूल किंवा मोरी). तो उतरवून घ्या, पण रस्त्याची मोजणी बदलली की तोही बदलतो, म्हणून सोबत तारीख लिहा. मग दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. ‘पुलाची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. पूल क्रमांक देऊन बांधणीचं साल, दुरुस्त्यांच्या नोंदी आणि पावसाळ्याआधीचे व नंतरचे पाहणी अहवाल, वर्षं नमूद करून, वेगवेगळ्या मुद्द्यांत मागा.