अनोळखी ग्रुपसोबत अवघड ऑफरोड ट्रेलला जायचंय? आधी काय विचारायचं, काय न्यायचं आणि तिथे कसं वागायचं

थार नाहीतर जिमनी घेतलीत, कोकणात फिरून झालं, साध्या कच्च्या रस्त्यावर फोर व्हील टाकून बघितलं, आणि आता कुणाच्या तरी ओळखीतून निरोप आलाय की रविवारी मुळशी-वेल्ह्याच्या बाजूला अवघड ट्रेल आहे, पाच-सहा गाड्या निघतायत, यायचं तर या. त्यातलं कुणीच ओळखीचं नाही. माझ्या मते जावं, कारण भर पावसात सह्याद्रीतल्या चिखलात एकट्या गाडीने घुसण्यापेक्षा हे हजारपट बरं, आणि चांगल्या ग्रुपसोबत एका दिवसात जे शिकायला मिळतं ते एकट्याने वर्षभर हिंडून मिळत नाही. फक्त ग्रुप चांगला आहे की नाही हे गाड्या उंच करणाऱ्या लिफ्ट किट आणि मोठ्या टायरवरून ठरवू नका. अडकलेली गाडी ते कशी बाहेर काढतात, त्यावर ठरवा. पुढचं जवळजवळ सगळं याच्यावरच आहे.

आधी फोन करा

मेसेजवर नको, जो कोणी लीड करणारेय त्याच्याशी थेट बोला. किती गाड्या आहेत, त्यातल्या किती जणांनी हा ट्रेल आधी केलाय, विंच (बंपरवरची ओढायची मोटर) किती गाड्यांना आहे, सगळ्यात मागे कोण असणार, अवघड जागेला बाजूने बायपास आहे का, आणि एखादी गाडी पूर्ण बंद पडली तर ती रस्त्यापर्यंत कशी आणणार. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. अनुभवी माणूस लगेच सांगतो की अमुक ठिकाणापर्यंत ट्रॅक्टर येतो, तिथपर्यंत आपण ओढत आणू. "या हो दादा, बघू तिकडे काय होतं ते" असं उत्तर आलं तर अवघड ट्रेलसाठी नम्रपणे नाही म्हणा, त्यांच्यासोबत एखादा सोपा ट्रेल करून बघा.

जमीन कुणाची आहे हेही विचारा. राखीव वनात परवानगीशिवाय घुसणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना ही तर अभयारण्यं आहेत, तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारलंय का ते कळू द्या. बीचवर गाडी घालायचा प्लॅन असेल तर सरळ नकार द्या, गोव्यात त्याला बंदी आहे आणि भरतीचं पाणी चढायला लागलं की वाळूत रुतलेली गाडी काढायला वेळच उरत नाही.

आणि महिना बघा. मे महिन्यात आरामात चढलेला चढ जुलैत विंचशिवाय होत नाही. कुणी उन्हाळ्यातले व्हिडिओ दाखवून ट्रेल सोपा आहे म्हणत असेल तर त्याला काही अर्थ नाही.

गाडीचं आणि स्वतःचं खरं सांगा

२०२३पासून थार टू व्हील ड्राइव्हमध्येही मिळते, लांबून बघितलं तर पटकन फरक कळत नाही, त्यामुळे फोर बाय फोर आहे हे स्पष्ट सांगा. टायर कंपनीचेच आहेत की एटी (सगळ्या रस्त्यांचे), एमटी (चिखलाचे) आहेत, मागच्या डिफला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरेन्शियलला, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक) आहे का, टो हुक पुढे-मागे कुठे आहेत, एवढी माहिती लीडला आधीच द्या. प्रत्येक गाडीची अडकायची जागा वेगळी असते. जिमनी हलकी आहे, चिखलावरून छान जाते, पण तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५९० मिमी आणि तीन दरवाजांच्या थारचा २४५०, त्यामुळे टोकदार उंचवट्यावर जिमनीचं पोट आधी टेकतं. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक हाताने टाकता येतात, म्हणून गुरखा जिथून गेली तिथून आपलीही जाईल असं धरून चालू नका.

तुम्ही लो रेंज (फोर लो, हळू पण जास्त जोराचा गिअर) कधी वापरली नसेल तर तेही सांगून टाका. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. लीडला ते माहीत असेल तर तो तुम्हाला मधे ठेवतो, पुढे-मागे अनुभवी गाडी देतो. लपवलंत तर पहिल्याच चढावर सगळ्यांना कळणार आणि तोपर्यंत गाडी नको त्या जागी असणार.

सोबत काय घ्यायचं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीला पुढे आणि मागे भक्कम टो पॉइंट. ते नसतील तर बाकीचं सामान असून नसल्यासारखं आहे. मग एक स्नॅच स्ट्रॅप किंवा काइनेटिक रोप (ताणला जाणारा ओढायचा पट्टा किंवा दोर), ४.७५ टनाचे दोन बो शॅकल (दोर अडकवायच्या पिनवाल्या कड्या), जाड हातमोजे, फावडं, टायर गेज, कंप्रेसर, पंक्चर किट, आणि स्टेपनीत हवा आहे का तेही बघून घ्या. पेट्रोल नाहीतर डिझेल टाकी फुल, कारण लो रेंजमध्ये दिवसभरात किलोमीटर कमी होतात पण इंजिन तासन्‌तास चालू असतं. दोन लिटर पाणी प्रत्येकी, खाणं, कोरडे कपडे, प्रथमोपचाराची पेटी. वॉकीटॉकी ग्रुपकडे कोणते आहेत ते विचारून घ्या, नाहीतर तुमचा सेट त्यांच्याशी जुळणारच नाही. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, दरीत उतरलं की रेंज जाते.

सामान बांधा. खरंच बांधा, दोरीने आवळून. गाडी आडवी झाली तर मागे सुटा पडलेला जॅक डोक्यात बसतो.

इन्शुरन्सची पॉलिसीही एकदा काढून वाचा, त्यात संघटित शर्यत, स्पीड टेस्टिंग असे वापर वगळलेले असतात, म्हणून स्पर्धेसारखं काही असेल तर भाग घेण्याआधी एजंटला विचारा.

सकाळी जमल्यावर

वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि बघत राहा. लीड सगळ्यांना एकत्र करून ब्रीफिंग देतो का, गाड्यांचा क्रम ठरवतो का, कुणाकडे कोणतं रिकव्हरीचं सामान आहे ते विचारतो का. कुणाच्या गाडीत बाटली उघडलेली दिसली तर तिथूनच परत फिरा, यावर माझ्याकडे दुसरं मत नाही.

ट्रेल सुरू व्हायच्या आधी हवा कमी करा. चिखल आणि ओल्या दगडांसाठी मी साधारण १८ ते २० पीएसआयवर येते, १५च्या खाली मात्र बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी रिंग) नसलेल्या रिमवरून टायर सुटायची भीती असते. फोर लो टाकून, दहा-वीस फूट पुढे-मागे करून ती नीट लागते का ते कच्च्यावरच तपासा. डांबरावर फोर व्हील टाकून वळणं घेऊ नका, या गाड्यांना मधला डिफरेन्शियल नसतो त्यामुळे सगळा ताण ट्रान्समिशनवर येतो.

प्रत्यक्ष ट्रेलवर

पुढची गाडी अडथळा पूर्ण पार करेपर्यंत थांबा, तिच्या मागे चिकटू नका, ती मागे घसरली तर तुमच्या बॉनेटवरच येणार. प्रत्येक अवघड जागेला उतरून पायी बघा. बूट किती रुततो, दगडावर शेवाळ आहे का, पाण्याखाली खड्डा आहे का, हे सीटवर बसून कळत नाही. घाटमाथ्यावरच्या तांबड्या मुरमाला बऱ्यापैकी ग्रिप मिळते, देशाकडच्या काळ्या मातीत मात्र टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि चाक नुसतं गोल गोल फिरतं.

स्पॉटर, म्हणजे बाहेर उभं राहून वाट दाखवणारा, एकच असू द्या. चार जण चार दिशांना हात करायला लागले की गाडी थांबवा आणि विचारा, "नक्की कुणाचं बघू?" हा प्रश्न नवीन माणसाने विचारला तर कुणाला राग येत नाही, आला तर तो ग्रुप तुमच्यासाठी नाही. काच खाली ठेवा म्हणजे ऐकू येतं, बेल्ट लावलेलाच असू द्या, अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, दगडाने चाक वळलं की फटका अंगठ्याला बसतो. आणि गाडी कलंडायला लागली तर हात बाहेर काढायचा नाही, उताराच्या दिशेला स्टिअरिंग द्यायचं.

चढ अर्ध्यावर सुटला तर गाडी वळवायचा विचारसुद्धा मनात आणू नका, आडवी झाली की लोळणारच. ब्रेक दाबून धरा, लो रेंजमध्येच रिव्हर्स टाका आणि इंजिनच्या जोरावर सरळ मागे उतरा, क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही.

पाण्याचं वेगळं सांगते. थारची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिमी आहे, गुरख्याची ७००, पण हे थांबलेल्या पाण्याचे आकडे आहेत. ओढ्याला जोर असेल तर गुडघाभर पाणीसुद्धा हलकी गाडी बाजूला ढकलतं. पायी ओलांडता येत नसेल तर गाडी घालू नका. आणि पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, गाडी ओढूनच बाहेर काढा.

गाडी अडकली की

ग्रुपची खरी परीक्षा इथे होते, म्हणून पहिली अडकलेली गाडी तुमची नसली तरी सगळं नीट बघा. गाडी काढणारा जाणता माणूस आधी सगळ्यांना शांत करतो. चाकांसमोरचा चिखल फावड्याने उकरतो, पोट टेकलं असेल तर तिथली माती काढतो, कारण दोन मिनिटं उकरलं की ओढायचा जोर निम्म्यावर येतो. मग स्ट्रॅप हातातून फिरवून कुठे चिरलाय का ते तपासतो. शॅकलची पिन पूर्ण घट्ट करून पाव आटा मागे घेतो म्हणजे ताणानंतर ती जाम होत नाही. दोरावर ओलं पोतं किंवा जाड जॅकेट टाकतो, तुटलाच तर दोर खाली पडावा म्हणून. आणि मग आवाज चढवून सगळ्यांना लांब पाठवतो, दोराच्या लांबीच्या दीडपट तरी, व्हिडिओ काढणाऱ्यांनाही. दोन्ही गाड्यांत फक्त ड्रायव्हर, खूण एकाच माणसाची.

याच्या उलट काय दिसलं तर सावध व्हायचं तेही सांगते. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर लावायच्या गोळ्याला दोर अडकवणं, हे सगळ्यात वाईट, तो गोळा तुटला की काच फोडून आत येतो आणि जगभरात यात माणसं गेलीयत. दोन दोर शॅकलने जोडणं तसंच. साध्या टोईंग पट्ट्याने किंवा साखळीने धावत झटका देणं, त्यांना स्नॅच स्ट्रॅपसारखा ताण घ्यायचा लवचिकपणा नसतो. दोराला गाठ मारणं. ताणलेल्या दोरावरून उडी मारून पलीकडे जाणं. यातलं काही तुमच्या गाडीबाबत होत असेल तर हात वर करून थांबवा, गाडी तुमची आहे, कुठून ओढायची हे सांगायचा हक्क तुमचा आहे. दुसऱ्याची गाडी असेल तरी बोला, आणि ऐकत नसतील तर स्वतः लांब उभं राहा.

बायपास घेणं हाही तुमचा हक्क आहे. "अरे टाक ना, काढू आम्ही" म्हणणारे खूप असतात. चांगला लीड नाही म्हणणाऱ्याला बाजूच्या वाटेने स्वतः पुढे नेऊन सोडतो.

गावातून जाताना

जुलैत भाताची लावणी चालू असते. बांधावर चाक गेलं की बांध फुटतो आणि त्या माणसाच्या खाचरातलं पाणी जातं, हे नुकसान आपण नंतर दिलेल्या शंभर-दोनशे रुपयांत भरून येत नाही. वाट ठाऊक नसेल तर गाडी थांबवून, उतरून विचारा, "मामा, पलीकडे गाडी जाते का?" मामा "ट्रॅक्टर जातोय की" म्हणाले तर पुढे विचारा, शेवटचा कधी गेला, पाऊस पडल्यावर गेला का, कारण ट्रॅक्टरची मागची चाकं आणि त्याची खालची उंची आपल्या गाडीला नाही, आणि त्याने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत आपलं डिफ टेकतं. "बैलगाडी जाती" म्हणाले तर रुंदी विचारा.

परतताना

डांबरावर यायच्या आधी कंप्रेसरने हवा भरा, फोर व्हील काढा. रिमच्या आत चिखल बसला की साठच्या पुढे गाडी थरथरते, अलाइनमेंट गेली असं वाटतं पण बहुतेक वेळा आतून पाणी मारलं की थांबतं. ब्रेक हळूहळू दाबत सुकवून घ्या.

ओढा ओलांडला असेल तर दोन्ही डिफ आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) ऑइल त्याच आठवड्यात बघा. गरम डिफ थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा खेळायच्या नळीतून) पाणी आत ओढलं जातं. प्लग उघडल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर लगेच बदला, तसंच चालवलं तर बेअरिंग जातात. पायाला कुठे खरचटलं असेल आणि चिखलाच्या पाण्यात दिवसभर उभे असाल, आणि आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा म्हणजे ते लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तपासतील.

लीडला संध्याकाळी घरी पोचल्याचा मेसेज टाका. तुमच्यासाठी कुणाचा दोर तुटला असेल, विंचची रोप खराब झाली असेल तर त्यांनी मागायच्या आधी तुम्हीच विचारा किती झाले, आणि त्याच बोलण्यात पुढचा ट्रेल कधी आहे तेही विचारून घ्या.